लोखंडाच्या पाण्याची अक्षरं

२९ डिसेंबर १९४३, बुधवार. कळंब.

इथं मोगलाईत निजामाचा फसली सन चालतो. मी मात्र बार्शीच्या शाळेतलीच तारीख लिहिते, हाताला तीच सवय.

सकाळी बसाप्पा शेठ गाडीतून एक फळी घेऊन आले. त्यांची धान्याची आडत आहे, भुसारात. आडतीच्या पुढची खोली ते वाचनालयाला देणार, पाडव्याला उघडायचं. त्याची पाटी आमच्याकडं. वरती मराठी, खालती उर्दू, दोन्ही कोरून. शेठ मामंजींना म्हणाले, "रंग वरून फासायचा न्हाय. लाकडात मुरला पाहिजे. फासलेला दोन पावसाळ्यांत उडतो, मग वाचनालय कुठलं अन् आडत कुठली."

फळी जुनी सागवानी, त्यांच्या माळ्यावरची. मामंजी तिच्याभोवती फिरले, वाकून वास घेतला. सासरे आहेत, पण फळीजवळ गेले की लहान मूल होतात.

दुपारी हे जमिनीवर कोळशानं अक्षरं काढून बघत होते. जोशी मास्तरांनी कागदावर लिहून दिलंय: मोफत वाचनालय, कळंब. हे चार इयत्ता शिकले, त्या उर्दूत. मराठी अक्षरं ओळखतात जेमतेम. मी पाणी घेऊन गेले तर ‘ळ’ उभा करून ठेवलेला, इंग्रजी आठासारखा. मला हसू आलं. लग्नाला वर्ष होत आलं, घरात माणसांदेखत आम्ही एकमेकांशी बोलत नाही. पण ह्यांनी विचारलंच,

"हसायला काय झालं?"

तांब्या खाली ठेवला, कोळसा घेतला आणि शेजारी ‘ळ’ आडवा काढून दाखवला. मामंजींनी आधी अक्षर बघितलं, मग मला.

"कुणी शिकवलं?"

"मुलींच्या शाळेत, बार्शीला. सहावीपर्यंत होते."

"मग फळीवर तूच काढ."

आत चुलीपाशी भांडं जोरात आपटलं. आत्याबाई. (सासूबाईंना आत्याबाई म्हणायची इथली रीत.)


३ जानेवारी १९४४, सोमवार

अक्षरं काढायला बसले. गेरूच्या दोरीनं रेघ मारून दिली ह्यांनी. मी पहिल्यांदा अक्षरं दाट काढली, वहीत काढतात तशी. हे म्हणाले, "एवढी चिकटून नको. पटाशी फिरायला जागा लागती." मग सगळं पुसून परत. ‘फ’चं पोट आणि ‘त’ची शेपटी एकमेकांत अडकत होती, ती सोडवली.

आत्याबाईंचं म्हणणं, कामाची पडवी रस्त्यावर, सून तिथं बसली तर लोक काय म्हणतील.

मामंजी: "सुताराची सून म्हणतील."

तरी आत्याबाईंनी रस्त्याच्या बाजूला गोणपाट बांधलं. आत अंधार झाला, रेघ दिसेना. दुपारी मी काय करते ते त्यांनाही दिसेना, तेव्हा त्यांनीच अर्धं वर गुंडाळलं. म्हणाल्या, वारं येत न्हवतं.


४ जानेवारी

मामंजींनी पहिला घाव ‘मो’वर घातला. बाकी हे करतील. मी आत चुलीपाशी भाकरी थापत आवाज ऐकत होते.


९ जानेवारी, रविवार

बाजारात रंग नाही. लढाईमुळं परदेशी रंगाच्या पुड्या यायच्या बंद झाल्यात. हे सगळी दुकानं फिरून आले. एका दुकानदारानं रिकामा डबा दाखवला, म्हणे वास घ्या अन् जावा.

मामंजी म्हणाले, "आमचा बाप कुठल्या पुड्या आणत होता?"

मग त्यांनी मडकं मागितलं. त्यात जुने खिळे, मोडका फाळ, बैलाच्या झिजलेल्या नाली. वर पाणी आणि गूळ. तोंड फडक्यानं बांधून न्हाणीमागं उन्हात ठेवलं. हे म्हणजे लोखंडाचं पाणी. आधी लाकडाला हिरड्याचं पाणी पाजायचं, ते वाळलं की हे. काळं होतं म्हणे. मामंजींनी स्वतः केलं नाही कधी, बापाचं बघितलंय लहानपणी.

आत्याबाई: "माणसांना गूळ न्हाय अन् खिळ्यांना गूळ."


१४ जानेवारी. संक्रांत.

हळदीकुंकवाला आळीतल्या सगळ्या बायका. नाव घे म्हणून मागं लागल्या. पाठ केलेलं एकही आठवेना, म्हणून तिथंच जुळवलं:

सागवानी फळीवर अक्षरं कोरली नवी,
——रावांच्या पटाशीला माझ्या रंगाची जोड हवी.

(नाव इथं लिहीत नाही. लिहितानासुद्धा हात थांबतो.)

बायका फिदीफिदी. परटीण गंगूबाई म्हणाली, "आं, सुतारीण झाली की ही." आत्याबाई तिळगूळ वाटत होत्या, तोंडावर काही दिसू दिलं नाही. पण संध्याकाळी उखाणा ह्यांच्यापर्यंत पोचला होता. कसा ते कळलं नाही, सांगणाऱ्या आत्याबाईच असणार. हे रंधा मारताना शीळ घालत होते. कधी घालत नाहीत.


२० जानेवारी, गुरुवार

मडकं उघडलं. शेजारची म्हैस दावं ओढून पलीकडं सरकली, असला वास. वर फेस, खाली गढूळ पाणी, चहाच्या रंगाचं. मी मनात म्हटलं, ह्यानं काय काळं व्हायचंय.

एका तुकड्यावर करून बघितलं. हिरडा कुटून भिजवला होता, त्याचं पाणी लावलं. पिवळट. वाळू दिलं. मग काडीला कापूस गुंडाळून लोखंडाचं पाणी. आधी काहीच नाही. मग राखाडी. मग निळसर. मग बघता बघता काळं, अगदी डोळ्यांदेखत, जसं कुणी आतून दिवा बारीक करत जावं. मी दुसरी रेघ ओढली. तिसरी. थांबवेना. तुकडाभर सगळी बाराखडी केली.

मामंजी बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "असंच व्हायचं. आमच्या बापाचं असंच व्हायचं."

हात काळे झालेत, निघत नाहीत. आत्याबाईंनी लिंबू दिलं. त्यानं गेलं. लिंबानं जातं हे लक्षात ठेवायचं.


२७ जानेवारी, गुरुवार

वाईट दिवस.

वरची ओळ कोरून झाली होती. फार सुरेख कोरलीय ह्यांनी, ‘च’च्या कोपऱ्यात बोट घातलं तर लोण्यासारखं. सकाळी ‘मो’ला हिरडा, दुपारी लोखंड. काळं झालं. आणि मग ते थांबलंच नाही. अक्षराच्या काठातून बाहेर आलं, लाकडाच्या रेषांतून दोन्ही बाजूंना सरकत गेलं. मुंगळ्याला पाय फुटावेत तसे ‘मो’ला पाय फुटले. मी फडक्यानं पुसत होते, पुसल्यानं आणखी पसरत होतं.

त्या दिवशीचा तुकडा घट्ट लाकडाचा होता, बुंध्याकडचा. फळी तशी नाही. हे आम्हाला आधी सुचलं नाही.

ह्यांनी पटाशी ठेवली आणि बाहेर गेले.

मामंजी म्हणाले, "लाकूड पाणी पितं. त्यात तुझं काय चुकलं?" आत्याबाईंनी ताट वाढून झाकून ठेवलं, जेव म्हणाल्या नाहीत. मी जेवलेच नाही.


२८ जानेवारी

हे काल दुसरी फळी मिळते का बघायला शेठांकडं गेले होते. तसली नाही. शेठ म्हणाले, माळ्यावर एकच होती.

आज सकाळी विहिरीवर मी एकटी असताना हे घागर उचलायला आले. "तुझ्यावर रागावलो न्हाय. फळीवर रागावलो."

मी म्हटलं, "फळीला सांगितलं का मग?"

हसले. सगळं हलकं झालं एकदम. फळीचं मात्र काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नाही.


२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं. घाईघाईनं लिहितेय, पीठ मळायचं राहिलंय.

हे दोरीच्या खरादावर पाळण्याचे पाय करत होते, एका गिऱ्हाइकाचे. पाय फिरता ठेवून त्यावर तांबड्या लाखेची कांडी टेकवायची, घासून घासून लाख वितळते आणि चढते. पाय काचेसारखे चकचकीत. मी मडकं उन्हातून आत नेत होते. ठेचकाळले, आणि वाटीभर पाणी तयार पायावर. माझा जीव गेला. गिऱ्हाइकाचा पाळणा. पदरानं पुसलं.

काही नाही. पाय तांबडाच्या तांबडा.

ह्यांनी दोरी थांबवली. माझ्या हातून मडकं घेतलं, मुद्दाम आणखी ओतलं, आणि वाट बघत बसले. मग पुसलं. काही नाही. लाखेतून पाणी आत शिरतच नव्हतं.

हे ओरडले, "बाबा, लाख. आधी लाख."

मामंजी आतून धोतर सावरत आले. त्यांना सांगायला लागलंच नाही. पायावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "फळीला सगळी लाख चढवा. मग त्या लाखेतूनच कोरा."

म्हणजे असं: आधी रंधा मारून पसरलेलं काळं काढायचं. मग सगळ्या फळीवर लाख. मग अक्षरं परत कोरायची, म्हणजे जिथं पटाशी जाईल तिथंच लाकूड उघडं. तिथंच काळं चढेल. वरची लाख शेवटी खरवडून टाकायची.

एकच रंधा मारता येईल. त्यापुढं फळी पातळ होईल. म्हणजे ह्या वेळी चुकलं तर चुकलंच.


६ फेब्रुवारी

रंधा मारला, मामंजींनी स्वतः. ‘मो’चे पाय गेले, अक्षरं उथळ झाली पण जागा कळते आहे. ढलप्या काळ्या-पिवळ्या निघाल्या, त्या चुलीत घालायला मला नको वाटलं. आत्याबाईंनी घातल्या.


१० फेब्रुवारी, गुरुवार

फळी काही खरादावर फिरत नाही. तिच्यावर लाख वितळवायची कशी, ह्यावर दोन दिवस घातले. निखारे जवळ धरून बघितले, फळी करपायला लागली. शेवटी मला इस्त्री सुचली. गंगूबाईच्या घरी तहसिलातल्या साहेबलोकांचे कपडे असतात, तिची कोळशाची इस्त्री लई जड. आत्याबाई मागायला गेल्या. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाल्या, "तुला न्हाय देणार ती. तिच्या लग्नात मी जागरण केलंय."

इस्त्री आणली. मधे पत्रा ठेवायचं ठरलं होतं, पण पत्रा सरकला, आणि इस्त्रीच्या तळाला लाख चिकटून बसली. फळी छान झाली, इस्त्री गेली. गंगूबाई दारात येऊन कमरेवर हात.

"आता साहेबाच्या सदऱ्याला काय चिकटवू, तुमचं वाचनालय?"

हे बसून राखेनं आणि तेलानं तळ घासत राहिले. आरशासारखा करून दिला. शिवाय कपडे धोपटायचं नवं धोपटणं, बाभळीचं. गंगूबाई जाताना म्हणाली, परत लागली तर सांगा.


१३ फेब्रुवारी

हे परत कोरतायत. लाख फुटते तेव्हा बारीक टक् असा आवाज होतो. सगळ्या घराला त्याची सवय झालीय. थांबला की आत्याबाई आतून विचारतात, "का रं, थांबलास?"


१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळी ओळ भरली.

सकाळी न्हाऊन बसले. काल हिरडा देऊन ठेवला होता. ह्या वेळी ‘मो’पासून सुरू केलं नाही, धीर झाला नाही. शेवटच्या ‘ब’पासून उलटी आले. कापूस थोडाच भिजवायचा, खोलात टेकवायचा, ओढायचा नाही. ‘ब’ काळा झाला. सगळे वाकून काठाकडं बघत होते. मामंजी, हे, आत्याबाईसुद्धा, पोळपाट हातात तसाच. काळं काठापाशी आलं. थांबलं.

मी ‘ळ’ घेतला.

‘मो’ला पोचेपर्यंत ऊन पडवीतून अंगणात गेलं होतं. मान अवघडली. सगळी ओळ काळी, आणि भोवती तांबडी लाख. मग ह्यांनी अक्षरांभोवतीची लाख पातळ पटाशीनं खरवडायला घेतली. खालच्या अर्ध्यावरची आणि कडेची तशीच ठेवली, उर्दू ओळ व्हायचीय अजून. लाख निघत गेली तसं खालचं लाकूड उघडं पडत गेलं, कोरं, मधासारखं, आणि त्यात अक्षरं. काठ असे की वस्ताऱ्यानं कापलेत. मी बोट फिरवलं. मामंजींनी फिरवलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटाला रंग होता, माझ्या भांगात लागला असणार. मी पुसला नाही.

रात्रीच्या भाकरीला आत्याबाईंनी माझ्या आधी चूल पेटवली.


२३ फेब्रुवारी, बुधवार

शेठ बघायला आले. कपाळाला भस्म, हातात छत्री. फळीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. म्हणाले,

"शिवा शिवा. काळी?"

हे म्हणाले, शेठ, मुरलेला रंग हाच. शेठांचं म्हणणं, काम झकास आहे, त्यात वाद नाही, पण शुभकामाची पाटी आणि काळी अक्षरं. घरात त्यांची आई, अव्वा म्हणतात तिला, ती म्हणेल दुखवट्याची पाटी लावली. वरून शेंदूर भरून घ्या म्हणाले.

शेंदूर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी दाराआड होते. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या, पान चघळत. त्या सहसा बाप्यांच्या बोलण्यात पडत नाहीत. पान गालात सरकवलं आणि आतूनच म्हणाल्या,

"शेठ, अव्वाच्या गळ्यातलं मंगळसूत्र आठवा. त्यातले मणी काय रंगाचे हायती?"

शेठ थांबले. दाराकडं बघितलं, फळीकडं बघितलं. हळूहळू हसायला लागले, पोट हलेपर्यंत.

"व्हय की. हे मी अव्वालाच सांगतो." मग म्हणाले, "पण मण्यांसंगं कुंकूबी असतंय, वहिनी. कुठंतरी तांबडं दाखवा."

ठरलं. अक्षरं काळी, कडेनं तांबडी वेल. कडेची लाख अजून होती, बरं झालं, वेलीचा रंग पसरणार नाही.

शेठ गेल्यावर मी आत्याबाईंच्या पाया पडले. म्हणाल्या, "उगी मधेच काय. सण हाय का आज?"


३ मार्च, शुक्रवार

उर्दूची ओळ. करीम मुन्शी आले होते, सरकारी शाळेत शिकवतात, ह्यांचेही मास्तर ते. बोरूनं थेट लाखेवर काढून दिलं: दारुल-मुताला, कळंब. म्हणजे वाचनालयच. हात असा फिरला की वाटलं पाण्यावर रेघ ओढली. पोहे खाऊन गेले.

आता मी अडाणी आणि हे पंडित. उजवीकडनं वाचायचं. मला सगळी अक्षरं झोपलेली दिसतात. हे एकेक दाखवतात: हा अलिफ, काठी. हा लाम, गळ. हा ऐन. मी म्हटलं, ऐन म्हणजे आमचा कुठला? म्हणाले, तुमच्यात न्हाय, घशात असतो. घसा खाकरून दाखवला. आत्याबाईंना वाटलं ह्यांना खोकला झाला, काढा ठेवला.

बदल्यात मी ह्यांना अ आ इ ई. रोज भाकरी होईतो. ‘ळ’ आता आडवा काढतात.


१० मार्च. धुळवड.

सगळी आळी रंगलीय, माझे हात तर महिन्यापासूनच. गंगूबाई म्हणाली, हिला काय रंगवायचं, ही रंगूनच आली.


१२ मार्च, रविवार

उर्दूची ओळ कोरून झाली. हिरडा दिला. लोखंडाचं पाणी द्यायच्या आधी मी बोट ठेवून वाचून बघितली, उजवीकडून. दाल, अलिफ, रे. पोचले कळंबपर्यंत. काफ, लाम, मीम, बे. बे खाली टिंबच नाही.

मी ह्यांच्याकडं बघितलं. "बे खाली नुक्ता असतो ना? तुम्हीच सांगितलंत."

"असतो. सगळ्या ओळीत एकच हाय."

"मग राहिला की."

"राहिला न्हाय, ठेवलाय." आणि भोकं पाडायचं गिरमिट माझ्या हातात दिलं.

सुताराचं हत्यार ह्या घरात बाईनं धरलेलं मी बघितलं नाही. मामंजींकडं बघितलं. ते दुसरीकडं बघत होते, मुद्दाम. हे म्हणाले, "सरळ धर. वजन टाकू नको, ते आपोआप जातं." गेलं. लाखेचा चुरा, मग लाकडाचा. मला वाटलं पुरे, पण थोडं आणखी फिरवलं, सोडवेना म्हणून. जरा मोठाच झाला नुक्ता. मग त्यात मीच हिरडा टेकवला, वाळल्यावर मीच लोखंडाचं पाणी.

मुन्शीजी संध्याकाळी बघायला आले, चष्मा वर करून. "ये नुक्ता किसने डाला?" ह्यांनी माझ्याकडं हात केला. मुन्शीजी म्हणाले, "थोडा मोटा हो गया बेटी. कुछ हर्ज नै, दूर से दिखेगा."

दिवसभर बोटांत गिरमिट फिरत होतं.


१७ मार्च, शुक्रवार

तांबड्याचं आत्याबाईंनी केलं. आम्ही पळसाची फुलं, मंजिष्ठ, काय काय उकळून बघितलं. सागवानावर फिकं पडतं. आत्याबाई पानाला चुना लावत होत्या. बोटावर कात आणि चुना एकत्र झाला, तो फळीच्या तुकड्याला पुसला, सहज. आणि मग त्याच थांबल्या. आम्हाला काही न सांगता कात उकळला, ह्यांनी कोरलेल्या वेलीच्या खाचेत भरला, वरून चुन्याची निवळी. पान खाल्लेल्या ओठासारखा रंग आला.

सगळी वेल त्यांनीच भरली. गोणपाट काढून ठेवलं होतं, म्हणाल्या दिसत न्हाय. रस्त्यावरनं जाणारी बाई थांबली की त्या मान वर न करता सांगत होत्या, "वाचनालयाची हाय. माझ्या सुनेची अक्षरं."

माझ्या सुनेची. मी आत जाऊन उगाच डबे सारखे केले.


१९ मार्च

सगळी लाख काढली. जवसाचं तेल चोळलं, चौघांनी चार बाजूंनी. काळं आणखी खोल गेलं. तांबडं चमकायला लागलं. मामंजींनी फळी भिंतीला टेकवली आणि समोर बाज टाकून बसले. जेवायलाही तिथंच मागितलं.


२५ मार्च, शनिवार. पाडवा.

पाटी चढली.

आडतीपुढं गुढी, शेजारी पाटी. आमच्या आळीतलं बरंच माणूस आलं होतं. बायका पलीकडं ओट्यावर. शेठांची अव्वा काठी टेकत बाहेर आली, पाटीकडं बघून कानडीत काहीतरी बोलली. शेठ म्हणाले, अव्वा विचारती, वेल कुणी भरली. आत्याबाईंनी पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला, पण हसत होत्या.

जोशी मास्तरांनी नारळ फोडला. मग ह्यांना म्हणाले, तुम्ही कोरलंय, वाचा मोठ्यानं. हे सावकाश वाचायला लागले, एकेक अक्षर, आवाज जरा घोगरा. मो. फ. त. मग वा-च-ना-लय. ‘कळंब’ मात्र एका दमात, गावाचं नाव म्हणून नव्हे, वाचून. माझ्याकडं बघितलं नाही, पण वाचून झाल्यावर ओट्याच्या बाजूला मान वळवली. मला तेवढं पुरे. मुन्शीजींनी खालची ओळ वाचली. मी ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर वाचली. एकदाही चुकले नाही.

नंतर मुन्शीजींनी आणि मास्तरांनी एकाच बाकावर बसून पहिली दोन वर्तमानपत्रं उघडली.

निघताना अव्वा पुन्हा शेठांशी बोलली. शेठ आमच्याकडं आले. "अव्वा म्हणती, बायकांनी पाटी नुसती बाहेरनंच बघायची का? मंगळवारी दुपारी आडत बंद असती. तेवढा वेळ बायकांचा. जोशीबाईंना विचारलं, त्या नको म्हणाल्या. तुम्ही वाचून दाखवाल?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे मामंजींकडं. मामंजी आत्याबाईंकडं. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघता, मला वाचता येतं का?"

हो म्हणून आले.


३० मार्च

शेठांना बायकांच्या वेळेसाठी लहान पाटी हवी. उरलेल्या तुकड्यातून केली. ह्या वेळी अक्षरं ह्यांनी स्वतः काढली, मला विचारून विचारून. "मंगळवार दुपार. बायकांसाठी." ‘बायकां’चा अनुस्वार मी सांगितल्यावर घातला. लाख, कोरणं, हिरडा, लोखंड, आता हात आपोआप चालतो. अनुस्वाराचं भोक मी पाडलं. ह्या वेळी बेतात.


३ एप्रिल, सोमवार

उद्या मंगळवार.

लहान पाटी लागलीय. शेठांच्या दिवाणजीनं सांगितलं, दोन पुरुष तिच्यापुढं उभं राहून वाचत होते आणि हसत होते. कसं हसत होते ते त्याला सांगता येईना.

मास्तरांनी दोन पुस्तकं दिलीत, एक गोष्टींचं, एक आरोग्याचं. मी गोष्टींचं घेणार. पहिली गोष्ट आज ह्यांना वाचून दाखवली, आवाज पोचतो का बघायला. हे म्हणाले, मधे मधे थांब, बायकांना बोलायला जागा ठेव.

येणार कोण, काही ठरत नाही. गंगूबाई म्हणते इस्त्रीतून सवड झाली तर. अव्वा येईल, ती तिथंच राहते. बाकीच्या सगळ्याजणी व्हय व्हय म्हणाल्या, आणि व्हय व्हय म्हणणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत, मीही त्यातलीच होते.

आत्याबाईंना दुपारी विचारलं, येता का. म्हणाल्या, "मी काय करू तिथं? घर कोण बघंल?"

आता भांडी घासून आत आले तर त्यांनी पेटीतलं इरकल लुगडं काढून दांडीवर टाकलंय, घड्या मोडून. विचारलं, कुठं निघालात का. माझ्याकडं न बघता काठ सारखा करत म्हणाल्या,

"कुठं न्हाय. कसर लागू नये म्हणून वाऱ्याला घातलंय."